माहेरचे पूर्वज आणि धर्मग्रामाचीं दप्तरें

ज्युबिलीचें वर्ष म्हणजे मागें वळून पाहण्याचें वर्ष. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा जो नियम सांगितला आहे, त्यांत प्रत्येकानें आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावें असें एक कलम आहे. जानेफळ येथील आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त घरोघरच्या मंडळींनीं आपापल्या कुळाची हकीकत लिहून ठेवावी, हें त्या नियमाच्या आशयास धरूनच आहे. परंतु हकीकत लिहावयास बसलें म्हणजे एक गोष्ट तेव्हांच ध्यानांत येते. आजा, पणजा, खापरपणजा अशी पुरुषांची ओळ कशीबशी लागते; पण त्यांच्या बायका कोठून आल्या, कोणाच्या लेकी होत्या, असें विचारलें कीं सर्व मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

संत मत्तय यांच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं जी वंशावळ आहे, ती याबाबत मनन करण्याजोगी आहे. पुरुषांच्या त्या लांबलचक ओळींत तामार, राहाब, रूथ, उरियाची बायको आणि पवित्र मरिया अशा पांच स्त्रियांचा उल्लेख आला आहे. त्यांतील रूथ ही तर मवाब देशांतून आलेली परकी सून. सुनेच्या माहेराचा उल्लेख केल्यानें कुळास कमीपणा येतो, असें त्या वंशावळीच्या लेखकास वाटलें नाहीं. आपल्या वह्यांत मात्र सुनेपुढें केवळ तिचें सासरचें नांव असतें आणि तेथेंच ओळ संपते.

याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. लेक सासरीं गेली म्हणजे तिचें आडनांव बदलतें, कित्येक घरीं पाळण्यांतलें नांवहि बदलतें, आणि गांव तर बदलतेंच. त्यांत आपला मुलूख सरहद्दीचा. जानेफळ हें बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत, म्हणजे वऱ्हाड प्रांतांत. आणि दक्षिणेस उतरलें कीं निजामाचें राज्य, ज्यास आपलीं वडीलधारीं माणसें मोगलाई म्हणत. १८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे लावून दिला. १९०३ सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला. १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. मोगलाई १९४८ पर्यंत निजामाची राहिली. राज्यें निराळीं असलीं तरी सोयरिकी थांबल्या नाहींत. वऱ्हाडांतून मोगलाईंत आणि मोगलाईंतून वऱ्हाडांत लेकी दिल्या-घेतल्या जात. मात्र दप्तरें दोन राज्यांचीं, तीं कधींच एके ठिकाणीं आलीं नाहींत.

ख्रिस्तसभेच्या सीमाहि याच काळांत बदलत गेल्या. संत फ्रान्सिस सेल्स यांच्या संघाचे फ्रेंच बोलणारे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विशाखापट्टणाहून या अफाट मुलखाची काळजी वाहत होते. १८८७ सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. १८९२ सालीं फादर गुरियन जाकिये हे मोगलाईंतील घोगरगांवीं येऊन राहिले व तेथून आसपासच्या खेड्यांत मिशनचें कार्य पसरलें. पुढें १९५५ सालीं नागपुरापासून अमरावतीचा धर्मप्रांत निराळा निघाला आणि १९७७ सालीं अमरावतीपासून औरंगाबादचा. या सर्वांचा परिणाम असा झाला, कीं एकाच आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद एका राज्यांत, विवाहाची दुसऱ्या राज्यांत. आणि ज्या धर्मप्रांताखालीं तिचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या हद्दींत तें गांव आज राहिलेलें नाहीं.

अशा स्थितींत बायकोच्या माहेरचे पूर्वज शोधावयाचे कसे, हा प्रश्न आमच्यापुढें प्रत्यक्षच उभा राहिला. आमच्या सौभाग्यवतींचें आजोळ मोगलाईंतलें, गोदाकांठचें. तेथील पत्र्याच्या एका पेटींत कांहीं जुने फोटो निघाले. त्यांतील एकाविषयीं घरांत फार आदर होता. दगडी भिंतीशीं खुर्चीवर एक प्रौढ बाई बसलेली आहे. अंगावर नऊवारी लुगडें, हातांत जपमाळ. तिच्याजवळ पांढऱ्या परकर-पोलक्यांतली एक मुलगी उभी असून तिच्या डोक्यावर फुलांचा मुकुट व हातांत मेणबत्ती आहे. बाईचा हात मुलीच्या खांद्यावर आहे. पाठीमागें पेन्सिलीनें एकच शब्द लिहिलेला: “आई”. ती मुलगी म्हणजे आमच्या आजेसासूबाई, हें सर्वांस ठाऊक होतें. तेव्हां खुर्चीवरची बाई ही त्यांची जन्मदात्री, असें घरांतील सर्व मंडळी धरून चालत. तिचें नांव मात्र कोणासहि सांगतां येत नव्हतें.

जुना फोटो पाहतांना आधीं चेहरा पाहूं नये, कागद पाहावा. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर डकविलेलें तपकिरी छायाचित्र असेल, तर तें बहुधा एकोणिसाव्या शतकांतील. सुमारें सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच असा पुठ्ठा १८६६ सालापासून प्रचारांत आला. याच्या उलट पोस्टकार्डाएवढा जाड कागद असून पाठीवर मधोमध उभी रेघ व उजवीकडे पत्त्याची जागा छापलेली असेल, तर तो विसाव्या शतकांतला समजावा. कारण अशी दुभागलेली पाठ इंग्लंडांतील टपालखात्यानें १९०२ सालीं मान्य केली. मग मागची बाजू पाहावी. रंगविलेला पडदा, खोटा खांब, फुलदाणीचें मेज हीं असलीं तर फोटो पेठेच्या गांवच्या दुकानांतला. आमच्या फोटोंत पडदा नव्हता. चर्चच्या ओट्याची भिंत होती. म्हणजे तो फिरत्या फोटोग्राफरानें किंवा एखाद्या मिशनऱ्यानें गांवांतच काढलेला होता. आणि मुकुट व मेणबत्ती यांवरून प्रसंगहि उघड होता: मुलीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचा तो दिवस होता. म्हणजे या फोटोस तारीख होती. ती फक्त कागदावर लिहिलेली नव्हती, दप्तरांत होती.

येथें आपल्या ख्रिस्तसभेच्या एका जुन्या शिस्तीचें महत्त्व कळतें. ट्रेंट येथील धर्मसभेनें १५६३ सालीं विवाहाची नोंदवही ठेवण्याचा दंडक घातला, आणि पोप पांचवे पॉल यांच्या १६१४ सालच्या विधिग्रंथांत धर्मगुरूनें ठेवावयाच्या पांच वह्या सांगितल्या: बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची, विवाहाची, मृतांची, आणि पांचवी घरोघरच्या माणसांची, जिला लॅटिनमध्यें ‘आत्म्यांची स्थिति’ असें नांव आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदींत बापाबरोबर आईचेंहि नांव असतें आणि धर्ममातापित्यांचेंहि असतें. पुढें पोप दहावे पायस यांच्या १९०७ सालच्या आदेशानें, जो १९०८ च्या ईस्टरपासून अंमलांत आला, आणखी एक नियम झाला. विवाह लागला कीं त्याची टीप वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं लिहावयाची; बाप्तिस्मा परगांवीं झाला असेल तर तेथील धर्मगुरूस कळवावयाचें. १९१७ सालच्या धर्मसंहितेंत व आजच्या १९८३ सालच्या संहितेंतहि हा नियम कायम आहे.

समासांतील ही लहानशी टीप सासर आणि माहेर यांना जोडते. सरकारी दप्तरांत लग्न होऊन गेलेली लेक नाहींशी होते. बाप्तिस्म्याच्या वहींत मात्र तिच्या जन्माच्या नोंदीशेजारीं ती कोणत्या गांवीं, कोणत्या तारखेस, कोणाच्या घरीं गेली हें लिहिलेलें असतें. सुनेच्या बाजूनें शोध करावयाचा तर उलट चालावें. आपल्या धर्मग्रामांतील विवाहाच्या नोंदींत वधूच्या बाप्तिस्म्याचें ठिकाण मिळतें. त्या ठिकाणच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत तिच्या आईबापांचीं नांवें मिळतात. त्या आईबापांच्या विवाहाच्या नोंदींतून पुन्हां एक पायरी मागें जातां येतें. आम्ही याच वाटेनें सौभाग्यवतींच्या नोंदीवरून सासूबाईंच्या नोंदीकडे व तेथून आजेसासूबाईंच्या नोंदीकडे गेलों.

तेथील धर्मगुरूंनीं कपाटांतून वह्या काढून दिल्या व शेजारीं बसून वाचूं दिल्या, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. वाचणें सोपें नव्हतें. भाषा लॅटिन; परंतु तींतील शब्द मोजकेच असतात. ‘फिलिआ लेजितिमा’ म्हणजे औरस कन्या, ‘मात्रिना’ म्हणजे धर्ममाता, ‘ओबिइत’ म्हणजे मरण पावली, एवढें पाठ केलें तरी पुष्कळ काम भागतें. अधिक कठीण जातात तीं आपलींच नांवें. कारण तीं फ्रेंच कानांनीं ऐकून फ्रेंच पद्धतीनें लिहिलेलीं असतात. फ्रेंच मनुष्य ‘उ’ हा स्वर ‘ओ’ आणि ‘यू’ हीं दोन अक्षरें जोडून लिहितो, आणि आपल्या ‘च’साठीं तीन अक्षरें खर्चितो. अशीं नांवें डोळ्यांनीं ओळखूं येत नाहींत. मोठ्यानें वाचलीं म्हणजे कानांस ओळख पटते. मोगलाईंतले जुने सरकारी कागद उर्दूंत किंवा मोडींत असतात व त्यांवर फसली सन असतो. फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन स्थूलमानानें निघतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८.

त्या वह्यांतून जें निघालें तें असें. आजेसासूबाईंचा बाप्तिस्मा १९१२ सालचा. बापाचें नांव, आईचें नांव, धर्ममातेचें नांव, तिन्ही स्पष्ट. मृतांच्या वहींत १९१८ सालच्या शेवटच्या महिन्यांत एकापुढें एक अशा पुष्कळ नोंदी आहेत. जुनीं माणसें जिला मानमोडी म्हणत, ती इन्फ्लुएंझाची सांथ त्या वर्षीं सर्व हिंदुस्थानांत पसरली होती व तींत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. त्याच पानावर मुलीचा बाप आहे, आणि चार ओळी खालीं तिची आई आहे. मुलगी त्या वेळीं सहा वर्षांची होती. पुढें ‘आत्म्यांची स्थिति’ या वहींत १९२१ सालीं एका विधवेच्या घरीं दोनच माणसें दाखविलीं आहेत: ती विधवा आणि ही मुलगी. मुलीच्या नांवापुढें त्या वर्षीं प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतल्याची खूण आहे. आणि त्या विधवेचें नांव म्हणजे बाप्तिस्म्याच्या नोंदींतील धर्ममातेचें नांव.

फोटो १९२१ चा. जन्मदात्री तीन वर्षांपूर्वींच वारलेली. तेव्हां खुर्चीवर बसलेली बाई ती नव्हे. मुलीच्या खांद्यावर जो हात आहे, तो धर्ममातेचा आहे. पाठीवरचा “आई” हा शब्द कोणाच्या हातचा, हेंहि मग कळलें. आजेसासूबाईंच्या प्रार्थनापुस्तकावर त्यांनीं स्वतः लिहिलेलें नांव आहे. दोन्ही अक्षरें एकाच वळणाचीं आहेत. ज्या बाईनें त्यांस वाढविलें तिलाच त्यांनीं तो शब्द लिहिला होता.

ही हकीकत सांगण्यासाठीं आम्ही नव्वदी गांठलेल्या आमच्या मावससासूबाईंकडे गेलों. त्यांनीं फोटो हातांत घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “जांवईबापू, आई हिला मोठी आई म्हणायची. सख्खी कीं कशी, तें आम्हां पोरींना कोण सांगणार? आम्हीं कधीं विचारलंहि नाहीं. हिच्या नांवानं दर वर्षीं मिसा मात्र सांगायची.” घरांतील सर्वांस ही गोष्ट सारखीच रुचली नाहीं. एका मेहुण्यांचें म्हणणें पडलें, कीं रक्ताचें नातें नाहीं तर त्या बाईस वंशावळींत घालूं नये, आणि हा फोटोहि देव्हाऱ्याजवळून काढावा. दुसरीकडून अशी सूचना आली, कीं इतकीं वर्षें जें सांगत आलों तेंच पुढें सांगावें. दोन बायांची एकच बाई झाली तर कोणाचें काय बिघडतें?

आमच्या मतें बिघडतें. अशानें ज्या आईनें जन्म दिला तिचें नांव पुसलें जातें, आणि जिनें वाढविलें तिचें श्रेय पुसलें जातें. एकीचा चेहरा आपल्यापाशीं आहे पण नांव हरवलें होतें. दुसरीचें नांव सांपडलें पण तिचा चेहरा कोणत्याहि कागदावर नाहीं. एकीचा चेहरा दुसरीच्या नांवास चिकटविल्यानें दोघींचीहि आठवण खोटी होते. शिवाय धर्ममातेचें नातें आपल्या ख्रिस्तसभेनें केवळ शोभेचें मानलेलें नाहीं. १९१७ च्या धर्मसंहितेंत धर्ममातापित्यांनीं त्या बालकास आपल्या स्वाधीन कायमचें केलेलें समजावें व त्याच्या ख्रिस्ती शिक्षणाची काळजी वाहावी, अशा अर्थाचें कलमच होतें. आणि त्या काळीं या आध्यात्मिक नात्यामुळें धर्ममातापिता व धर्मबालक यांच्यांत विवाहहि होऊं शकत नसे. त्या विधवेनें तें कलम वाचलें नसेल. पण सहा वर्षांच्या पोरक्या मुलीस घरांत घेऊन तिनें तें पाळलें. म्हणून आम्हीं वंशावळींत दोन ओळी लिहिल्या: जन्मदात्रीची निराळी, वाढविणारीची निराळी. फोटो जागच्या जागीं ठेवला आणि त्याखालीं खरें नांव घातलें. मेहुणे पुढें कांहीं बोलले नाहींत. पण दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशीं त्यांनीं आपल्या यादींत दोन्ही नांवें लिहून दिलीं.

येथें सर्व वाचकांनीं लक्ष द्यावें अशी एक बाब आहे. १९१७ च्या संहितेप्रमाणें धर्मगुरूनें वर्षाअखेर बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व मृत्यु यांच्या वह्यांची नक्कल बिशपांच्या कचेरींत पाठवावयाची असे. त्यामुळें गांवची वही वाळवीनें खाल्ली तरी नक्कल मिळण्याची आशा असते. आपल्या भागापुरतें बोलावयाचें तर १९५५ च्या आधींच्या नकलांची चौकशी नागपुराकडे करावी. परंतु ‘आत्म्यांची स्थिति’ या वहीची नक्कल पाठविण्याचें बंधन नव्हतें. जिच्यामुळें आमचें कोडें सुटलें, ती वही एकच असते. जेथें ती उरली असेल तेथें ती जिवापाड जपली पाहिजे.

सरकारी कागदांचाहि उपयोग आहे. १८७२ सालच्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यान्वयें रोमन कॅथलिक विवाहांच्या नोंदींचे उतारे दर तिमाहीस सरकारी निबंधकाकडे पाठवावे लागतात. आपल्या विदर्भांत खेडोपाडीं जन्ममृत्यूचीं कोतवालबुकें असत. शाळांतून दाखलखारीज रजिस्टरें असतात. हल्लीं हे कागद लोक शोधतात ते मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठीं, आणि दाखला हातीं पडला कीं पुन्हां विसरतात. त्याच पानावर पणजीचें नांव असेल तर तें उतरून घेण्यास अधिक खर्च येत नाहीं. कित्येक घरांचा धागा १८९९-१९०० च्या दुष्काळांत तुटतो. कारण त्या वर्षीं पोरक्या झालेल्या मुलांच्या आईबापांचीं नांवें सांगणारें कोणी उरलें नसे. अशा ठिकाणीं उगाच एखादें मोठें घराणें जोडूं नये. जेथें नोंद थांबते तेथें आपणहि थांबावें. पोरकें मूल म्हणून आलेला पूर्वज हा लाज वाटण्याचा विषय नव्हे.

लिहून ठेवण्याचें महत्त्व आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयांत लक्ष्मीबाई टिळकांनीं दाखवून दिलें आहे. त्या प्रॉटेस्टंट पंथाच्या असल्या तरी त्यांचें उदाहरण सर्वांनीं घेण्याजोगें आहे. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा व बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या चरित्रासाठीं आईच्या आठवणी मुलानें मागितल्या, आणि लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या त्या बाईंनीं पतीच्या घरचीं माणसें, त्यांचे स्वभाव, त्यांचे कलह, सर्व कांहीं न झांकतां लिहून काढलें. १९३४ सालापासून तें ‘स्मृतिचित्रें’ या नांवानें भागशः प्रसिद्ध झालें. सासरच्या मंडळींस एका सुनेनें असें जिवंत ठेवलें. जांवयांनीं आणि मुलांनीं माहेरच्या मंडळींसाठीं निदान चार ओळी तरी लिहाव्या.

तेव्हां या ज्युबिलीच्या वर्षांत प्रत्येक घरानें एवढें करावें. घरांतील जुने फोटो काढावे, ओल्या फडक्यानें पुसूं नयेत. वृद्ध माणसांजवळ बसून प्रत्येक चेहऱ्याचें नांव, नातें व गांव विचारावें आणि तें पाठीवर मऊ पेन्सिलीनें, न दाबतां, लिहावें. शाईनें लिहूं नये, कारण ती आरपार उतरते. मूळ फोटो दमट भिंतीवर व पत्र्याच्या पेटींत न ठेवतां कोरड्या कागदांत गुंडाळून ठेवावे आणि त्यांच्या प्रती काढून भावंडांत वाटाव्या. नंतर धर्मगुरूंची परवानगी घेऊन, त्यांच्या सोयीनें, वह्या पाहाव्या. त्यांत इतरांच्याहि घरच्या खासगी गोष्टी असतात, म्हणून आपल्यापुरतेंच उतरून घ्यावें. आणि सुरुवात सुनांपासून करावी. त्यांचीं माहेरें दूर आहेत, तेथील वडील मंडळी थकलेली आहेत, आणि ज्यांस हे चेहरे ओळखतां येतात अशीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत. पुढच्या ज्युबिलीस वह्या असतील, फोटोहि असतील. नांव सांगणारीं हीं माणसें मात्र नसतील.